छपरावरचं वजन

वारा सुटला, तशी सून हातातले कपडे टाकून पलंगावर चढली आणि तिने दोन्ही हात वर केले. न्हाणीघरातून तिचा नवरा डोक्यावर साबणाचा फेस घेऊनच धावत आला आणि खिडकीकडचा कोपरा सांभाळू लागला. सासरे दाराजवळ दोरीने बांधून ठेवलेल्या पेटीवर उभे राहिले आणि त्यांनी लांब दांड्याचा झाडू उलटा धरून छताला टेकवला.

वस्तीतल्या जुन्या पत्र्याच्या घरात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. वारा आला की पत्रे दाबून धरायचे. वर टाकलेल्या टायरांच्या भरवशावर राहायचं नाही. सासरी आल्यावर सुनेला आधी हे शिकवलं. साखरेचा डबा कुठे असतो, ते दुसऱ्या दिवशी.

पण हे पाचव्या मजल्यावरचं पक्कं घर होतं. छत हाताला लागत नव्हतं. कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे नवराबायको हात वर करून उभे होते.

"अहो," सून म्हणाली, "हे सिमेंटचं आहे."

"माहितीये." त्याचे हात काही खाली आले नाहीत.

"मग डोकं धुऊन या."

सासऱ्यांनी झाडू आणखी जोरात दाबला. "सिमेंट असेल. वर वजन काय ठेवलंय?"

इथे राहायला आल्यापासून आठवडाभर त्यांचं हेच चाललं होतं. उद्या सकाळी पेटी उचलून ते भावाच्या झोपडीत राहायला जाणार होते. झोपडीच्या बदल्यात मिळालेलं हे घर त्यांच्या नावावर; सरकारी तपासणीला ते सापडले नाहीत, तर चावी परत. सुनेने सांगून पाहिलं, रडून पाहिलं. "चावीने छप्पर थांबतं का?" एवढंच ते म्हणाले होते.

तेवढ्यात वर काहीतरी घसटलं, मग धाडकन आवाज झाला.

"उडालं!"

"नाही हो बाबा. वरच्यांनी कपाट सरकवलं."

"वर कोण?"

"आपल्या गल्लीतला न्हावी. बायको, पोरं, सासू."

झाडू जरासा खाली आला. "सासू म्हणजे ती... भरभक्कम?"

"तीच."

"ती आपल्या छपरावर बसलीये?"

"दिवसभर. कुठे जात नाहीत त्या."

सासरे बराच वेळ वर बघत राहिले. इतका भरवशाचा टायर त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. मग त्यांनी खाली फरशीकडे पाहिलं.

"आणि आपल्या खाली?"

"शिंपीणबाई. एकट्याच असतात."

"म्हणजे तिच्या छपरावर..."

"आपण."

ते पेटीवरून उतरले. पेटी ओढत खोलीच्या मधोमध आणली आणि तिच्याशेजारी फरशीवर ऐसपैस मांडी घातली.

"उद्या जायचंय ना तुम्हाला?" सुनेने जपून विचारलं.

"आणि इथे कोण बसणार? तुझा नवरा? बांबू आहे नुसता." त्यांनी फरशीवर तळहात दाबून पाहिला. "वाढ मला. पोटभर वाढ. बिचारी एकटी आहे खाली."

ते जेवत असताना सुनेने पेटीची दोरी सोडली आणि कपडे वाळत घालायला खिडकीला बांधून टाकली.