दोन सह्यांची वही

शनिवारी दुपारी मी धाकट्याकडे गेलो तो फक्त दोन पिनांची जागा बदलायला. पाच मिनिटांचं काम. खिशात एक पकड आणि ग्रीसची डबी, बाकी काही नाही.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. दातांचा डॉक्टर. मी लेथवर आयुष्य काढलेला टर्नर. मी दारातून जाताना वाकतो आणि तो माझ्या खांद्याला लागतो. एका आईची लेकरं म्हणून सांगितलं तर लोक आधी हसतात. त्याच्या हातात पाना दिला की तो बोल्ट असा धरतो, जणू आत्ता उपटून काढेल. तरीही सहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून एक गाडी बांधली, आणि सहा वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. म्हणजे, झालं, पण जेवायच्या आधी मिटलं.

गाडीचं नाव नक्कल. साठ वर्षांपूर्वीची दोन सीटांची एक स्पोर्ट्स कार होती, तिची ही हुबेहूब प्रतिकृती. अस्सल गाड्या जगात मोजक्याच उरल्यात आणि त्या कोणाकोणाच्या बंद शेडमध्ये चादरीखाली झोपल्यात. आमच्या गाडीची बॉडी फायबरची, सांगाडा चौकोनी पाइपांचा, इंजिन एका मोडीत निघालेल्या म्हाताऱ्या सेडानचं. अशी गाडी कधी पूर्ण होत नाही. आधी ड्रम ब्रेक काढून डिस्क लावले. मग इंजिन तापायला लागलं म्हणून रेडिएटर मोठा केला, तर तो बॉनेटला लागला, म्हणून बॉनेटला फुगवटा काढला. लोक म्हणाले, फुगवटा काय झोकात दिसतो. आम्ही मान डोलावली.

पण माझं सगळ्यात आवडतं काम पेडलचं. त्या गाडीत सीट सरकत नाही, तेवढी जागाच नाही. मग लंबू आणि ठेंगू एकच गाडी चालवणार कशी? मी पेडलची अख्खी चौकट सरकती केली. पट्टीला दोन जागी भोकं पाडली, पुढची माझी, मागची त्याची. दोन पिना काढा, चौकट सरकवा, पिना परत घाला. धाकटा त्या दिवशी म्हणाला होता, "दादा, ही गाडी आता खरी दोघांची झाली."

आणि दुसरी गोष्ट वही. कंपनीच्या गाडीला पुस्तक असतं. असल्या घरी बांधलेल्या गाडीला कोण पुस्तक देणार? म्हणून मी माझ्या वर्कशॉपमध्ये एक जाड वही ठेवली. तारीख, बदल, कारण आणि शेवटी दोन सह्या. एक त्याची, एक माझी. कारण लिहिल्याशिवाय आणि दोघांची सही झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, हा नियम. एकशे चौदा बदल झाले आणि एकशे चौदा वेळा आम्ही सह्या केल्या. शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची. वर्कशॉपच्या अंगणात मी चालवत असताना गाडी थांबली नाही आणि पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळली. मी लिहिलं, "ब्रेकमध्ये हवा. काढली." पुढच्या बाजूचा रंग उडाला होता, म्हणून गाडी धाकट्याच्या घरी नेली, रंगारी त्याच्या शेजारीच राहतो.

असल्या नकली गाड्यांचे मालक वर्षातून एकदा जमतात आणि डोंगरापलीकडच्या तलावापर्यंत रांगेने जाऊन येतात. आम्ही चारदा गेलो. चारही वेळा धाकट्याने चालवली, कारण कागदावर मालक तो, आणि मी शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत राहायचो. मागच्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला तेव्हा पलंगाशेजारी बसून तोच म्हणाला, "पुढच्या वर्षी जाताना-येताना तूच चालवायची. मी शेजारी." ते पुढचं वर्ष म्हणजे उद्याचा रविवार. सहा वर्षं या एका दिवसासाठी मी लोखंड कापलं होतं.

धाकटा दवाखान्यात होता. भावजयीने गॅरेजची किल्ली दिली, पण देताना माझ्याकडे बघितलं नाही. "दादा, चहा घेता का आधी? ते येतीलच एवढ्यात," म्हणाली. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

मी कापड काढलं. रंग सुरेख जमला होता. दार उघडलं, आत बसायला गेलो आणि गुडघे स्टिअरिंगला अडकले. ते अडकणारच, पेडल त्याच्या मापावर होतं. मी हात खाली घालून पिना चाचपल्या. पिना नव्हत्या. उतरलो, दारातलं पायपुसणं ओढून त्यावर आडवा पडलो आणि गॅरेजमधला टॉर्च लावला.

चौकट पट्टीला वेल्ड केली होती. धाकट्याच्या मापावर, कायमची.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या घरच्या माणसाने, मी बांधलेल्या गाडीत, मीच मावणार नाही अशी सोय केली होती. विचारणं नाही, सांगणं नाही, वहीत नोंद नाही. तक्रार तरी कोणाकडे करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात भाऊ दातांचा डॉक्टर.

मग मी तो जोड नीट बघितला. धाकट्याला वेल्डिंग येत नाही. रस्त्यावरचा वेल्डर असता तर लोखंडाचे गोळे सांडून ठेवले असते. हा जोड एकसारखा होता, माशाच्या खवल्यांसारखा, आणि शेवटी अर्धं बोट मागे वळून थांबलेला. शेवटाला खड्डा पडू नये म्हणून असं मागे वळायचं असतं. ते मी एकाच माणसाला शिकवलंय. माझ्या लेकीला.

मी चहा न घेता निघालो.

ती वर्कशॉपमध्ये टेबलाशी कानस चालवत होती. गेली आठ वर्षं ती माझ्याबरोबर काम करते आणि मी लोकांना सांगत फिरतो की पोरगी बापाच्या वर गेली.

"नक्कलचं पेडल तू वेल्ड केलंस?"

कानस थांबली. "हो."

"कधी?"

"तुम्ही गुडघा दाखवायला गेला होतात, त्या दिवशी."

"काकाने सांगितलं आणि तू केलंस. माझ्याच मशीनने."

"काकांनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं. ते म्हणत होते, आधी दादाशी बोलू. मीच नको म्हटलं."

मी स्टुलावर बसलो. भावावर चिडायची सगळी तयारी करून आलो होतो, ती तशीच राहिली.

"का?"

"बाबा, पिंपाला गाडी लागली त्या दिवशी तुम्ही मला दोनदा ब्रेकच्या तेलातली हवा काढायला लावलीत. दोन्ही वेळा एक बुडबुडा आला नाही. ब्रेक चांगले होते."

मी खिशातली पकड काढून टेबलावर ठेवली.

"मी दारात उभी होते. तुमचा पाय रेसच्या पेडलवरून उचललाच गेला नाही. तुम्ही पायाकडे बघत होतात."

नाचता येईना, अंगण वाकडं. ते मला माहीत होतं. पिंपावर आदळायच्या आधीच माहीत होतं. मी पायाला सांगत होतो, ऊठ, आणि तो माझ्या नव्या गुडघ्याखाली परक्याचा असल्यासारखा पडून होता. सगळ्यात आधी फितूर झाला तो माझाच पाय. आणि मी वहीत खोटं लिहिलं, धाकट्याने विश्वासाने त्याखाली सही केली.

"मग तोंडावर सांगायचंस," मी म्हणालो. आवाज चढला होता. "अंगणात उभी राहून बघितलंस ना? मग तिथेच सांगायचंस. तीन महिने माझ्यासमोर बसून जेवलीस. मी रविवारच्या गोष्टी करत होतो आणि तू हो हो म्हणत होतीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही तिसऱ्यांदा हवा काढायला लावली असती."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. टेबलावर ग्राइंडर होता. तो जोड कापायला मला दोन मिनिटं पुरली असती, आणि ते तिलाही माहीत होतं. तिची नजर माझ्या हातावर होती. जिला मी हात धरून ग्राइंडर शिकवला, ती माझ्या हातावर पहारा करत होती. वेल्डिंगपेक्षा मला ते जास्त झोंबलं.

मी उठलो, कपाटातून वही काढली आणि तिच्यापुढे टाकली. "लिही. एकशे पंधरावा."

तिने तारीख लिहिली. "पेडलची चौकट वेल्ड करून पक्की केली," असं लिहिलं. मग कारणाच्या रकान्याशी पेन थांबला. "काय लिहू?" तिने विचारलं.

पेन मी घेतला. आधी वरच्या ओळीतलं "ब्रेकमध्ये हवा" खोडलं. मग तिच्या अक्षराशेजारी माझ्या अक्षरात लिहिलं, "चालवणाऱ्याचा उजवा पाय वेळेत उठत नाही."

रविवारी सकाळी धाकटा गाडी घेऊन वर्कशॉपशी आला. दरवर्षी कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत येतो, या वेळी नाही वाजवला. उतरून माझ्यापुढे उभा राहिला.

"दादा, मी सांगणार होतो."

"कधी?"

"शेजारी बस ना," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कशी नेऊ?"

मी वही पुढे केली. त्याने ओळ वाचली, मग खोडलेली ओळ वाचली. शेवटी सही केली आणि पेन माझ्याकडे धरला.

"कारण बरोबर आहे, म्हणून मी लिहिलं," मी म्हणालो. "पण सही बदल करायच्या आधी घ्यायची असते. नियम तुला माहीत आहे."

त्याने पेन खाली ठेवला. लेक दारात उभी होती. मी तिला म्हटलं, जा, शेजारची सीट रिकामी आहे, इंजिनाकडे कान ठेव. ती माझ्याकडे बघत राहिली, मग जाऊन बसली.

गाडी निघाली. इंजिन छान बोलत होतं. रस्त्याच्या टोकाला एक सायकलवाला आडवा आला आणि ब्रेकचे दिवे लागले. ताबडतोब लागले. गाडी जागच्या जागी थांबली, सायकल गेली, आणि ते दोघं वळणावरून दिसेनासे झाले.

मी आत येऊन वही कपाटात ठेवली. त्यानंतर त्या गाडीत पुष्कळ बदल झाले, आता एकशे एकतीस आहेत. सगळ्यांखाली दोन सह्या आहेत. एकशे पंधराव्याखाली एकच आहे.