पेल्यातली चिलटे

अनंतशास्त्री वैद्य पहाटे गेले. पुरुष मंडळी त्यांना घेऊन ओंकारेश्वराच्या घाटावर गेल्यावर त्यांच्या मुलीने, सगुणेने, अंथरूण उचलायला घेतले. उशाशी पेला होता. तळाला बोटभर द्राक्षासव आणि त्यावर मेलेली चिलटे.

तिचा हात थबकला. वडिलांनीच तिला वाचायला शिकवले होते, वैद्यकाच्या पोथीतले विषाचे प्रकरणही त्यांनीच समजावले होते: विषारी अन्नावर बसलेली माशी मरते. हा पेला रोज भरायच्या मथुराबाई, शास्त्रीबुवांची दुसरी बायको, सगुणेहून वयाने लहान. भरताना दार लोटून घ्यायच्या. का?

घाटावरून परतलेल्या दिगंबरकाकांना तिने पेला दाखवला.

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले. "उन्हं उतरली की कोतवालाच्या चावडीवर जातो."

"आधी खात्री करू, काका. आजच विधवा झाली आहे बिचारी."

"बिचारी! घरं बुडवायला बिचारी माणसंच पुढे असतात."

चावडीवर कबुली कशी काढतात, हे शनिवार पेठेत सर्वांना ठाऊक होते. मथुराबाई माजघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या, हेही सगुणेला खुपत होते.

माळ्यावर वडिलांनी स्वतः लाखेने बंद केलेली बरणी होती. ती फोडून सगुणेने नव्या पेल्यात आसव ओतले. वडिलांचा पेला, हा पेला आणि साखरपाण्याची वाटी तिने ओसरीवर ठेवली व समोर बसून राहिली.

घरमाश्या वाटीवर आल्या, पेल्यांवरही आल्या. काठावर बसून सोंड बुडवायच्या, पाय चोळायच्या आणि उडून जायच्या. वडिलांच्या पेल्यावरची माशीही पोटभर प्यायली आणि उडाली.

चिलटांची जातच वेगळी. तिळाएवढी, पिंगट, लाल डोळ्यांची. साखरपाण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्यांना हवे आंबलेले. ती पेल्याच्या ओल्या कडेने खाली उतरत, पंख चिकटत आणि बुडत. ओसरीवरचे ऊन सरले तेव्हा नव्या पेल्यातही मेलेली चिलटे तरंगत होती.

सगुणा माजघरात गेली. "दार का लोटायचात?"

मथुराबाईंनी मान वळवली नाही. "त्यांचे हात थरथर कापायचे. मी पाजायची. ते म्हणायचे, सगुणेला दिसायला नको."

बाहेर काका पागोटे बांधत होते.

"जाऊ नका, काका. ती चिलटं आसवातच बुडून मेली. कोणत्याही आसवात मरतील."

"मग माझ्या भावाला मारलं कोणी?"

"कोणी नाही."

एवढे दोन शब्द उच्चारायला तिला फार जड गेले. कोणीतरी असते, तर निदान त्याच्यावर रागावता आले असते.