गालिच्यावरचा पेला

"आज काही मागायचं नाही, अबू मिशअल. कॉफी प्यायची, सलाम करायचा आणि घर गाठायचं," कारभाऱ्याने गानिमला दारातच बजावलं. "शेखांकडे गोऱ्यांचा राजदूत आलाय."

तो आलाय म्हणूनच गानिम आला होता. बंदरावर तेलाच्या नळांची चाकं फिरवून म्हातारा झालेल्या माणसाला एरवी कोण विचारतो? ज्याच्या नावावरून लोक त्याला अबू मिशअल, म्हणजे मिशअलचा बाप म्हणत, तो त्याचा एकुलता एक मुलगा शाळेत मास्तर होता. राज्याला निवडून दिलेली सभा हवी, असं पत्रक त्याने मित्रांबरोबर वाटलं आणि शेखांनी सगळ्यांनाच तुरुंगात टाकलं. तेव्हापासून त्याची आई धड जेवली नव्हती.

बैठकीत राजदूत शेखांच्या उजव्या हाताला बसला होता. दुभाषा सांगत होता, "साहेब म्हणतात, आजूबाजूला सगळीकडे धुमसतंय, पण तुमच्याकडे केवढी शांतता! थंडीत आमच्या लोकांच्या चुली या शांततेवर पेटतात."

शेखांनी समाधानाने मान डोलावली. कॉफीवाला फिरत फिरत गानिमपाशी आला. गानिमने पेला घेतला आणि तोंडाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

सगळ्या माना तिकडे वळल्या. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा असा पेला ठेवून बसतो आणि तो तसाच उठून गेला तर यजमानाची अब्रू जाते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारभाऱ्याचं तोंड उतरलं.

"काय गानिम, कॉफी कडू झालीय का?" शेखांनी हसून विचारलं.

"अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो. कॉफी झकासच असणार. घशाखाली उतरत नाही."

"माग."

"माझा पोरगा."

"त्याने काय केलंय, माहीत आहे ना?"

"आहे की. या पाहुण्यांच्या गावात सगळे करतात, तेच."

कोणीतरी खोकल्याआड हसलं. म्हातारा कॉफी का पीत नाही, असं राजदूताने विचारलं आणि दुभाष्याला घाम फुटला.

"सांग त्यांना," गानिम म्हणाला. "जन्मभर मी यांची जहाजं भरली. एकदाही चाक अडू दिलं नाही. आज एवढा पेला अडलाय."

दुभाष्याने ते सांगितल्यावर राजदूत आपल्याच पेल्यात बघत राहिला. शेखांनी मात्र आपल्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांची नजर गालिच्यावर होती. इथे दिलेला नकार संध्याकाळपर्यंत वाळवंटातल्या तंबूतंबूत पोचला असता.

"दिला," शेख म्हणाले. "पी आता."

"पोरगा येऊ दे. मग पितो."

गाडी पाठवावी लागली. मिशअल आला तेव्हा जेवणं उरकली होती, पण गानिम जागचा हलला नव्हता. पोरगा वाळला होता, डोळे मात्र तेच होते. गानिमने गार कॉफी एका घोटात संपवली. इतकी गोड कॉफी तो आयुष्यात प्यायला नव्हता.

कॉफीवाल्याने दुसरा पेला भरून मिशअलपुढे धरला. "पी बाळा," शेख मोठ्या मनाने म्हणाले.

मिशअलने पेला घेतला. त्याचे मित्र अजून आतच होते. त्याने पेला गालिच्यावर ठेवला.

गानिम जरा सरकला आणि पोराच्या खांद्याला खांदा लावून बसला.