कानामागे अडलेला शब्द

मी स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड बोलतोय. घाबरू नका, मी काही रोग नाही. मान वळवली की गळ्याच्या बाजूला जो जाड दोरासारखा स्नायू उठून दिसतो, त्याचं मी नाव. जरा लांबलचक आहे, एवढंच.

परदेशातल्या पंडितांनी तीन हाडांची नावं जोडून मला घडवलं. स्टर्नो म्हणजे छातीचं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा हाडाचा उंचवटा. स्टर्-नो-क्लाय-डो-मॅस्-टॉइड. असं तोडून म्हटलं की मी कुणाच्याही तोंडात बसतो.

वडनेरच्या रक्षाच्या तोंडात मात्र बसेना. मराठी शाळेतून ती वर्ध्याला डॉक्टरकी शिकायला गेली आणि तोंडी परीक्षेत माझ्यापाशीच अडखळून नापास झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फेरपरीक्षेतही नापास झाली, तर कॉलेजच सुटणार होतं.

मग घरी येऊन तिनं युक्ती काढली. मजुरीहून आलेल्या बापाला, गोमाजीला, ओसरीवर बसवायचं, मान वळवायला लावायची आणि एकेका हाडावर बोट ठेवत मला म्हणायचं. बोट कानामागे गेलं की गोमाजी खांदे आवळून हसायचा.

"काऊन वं, गुदगुल्या करून राह्यली?"

एखाद्या दिवशी ती विसरली, तर तोच मान वळवून विचारायचा, आज तुझा तो लांब नावाचा पाहुणा आला नाही का. इतकी माया मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. बघता बघता मी रक्षाच्या जिभेवर खेळू लागलो.

परीक्षा तोंडावर आली आणि गोमाजी गेला. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. त्यांच्यात शेवटच्या आंघोळीला लेकीही हळद लावतात. रक्षाची बोटं सवयीनं त्याच वाटेनं गेली. कानामागे हळद लागली, पण गोमाजी हसला नाही. तिथंच मी तुटलो.

फेरपरीक्षेत सरांनी टेबलावरच्या मृतदेहाचा तो स्नायू चिमट्यानं उचलून नाव विचारलं. रक्षानं बोट ठेवलं. स्टर्नो म्हणाली, क्लायडो म्हणाली. कानाजवळ बोट थबकलं. सर वाईट नव्हते, त्यांनी वाट पाहिली, पुन्हा विचारलं. मी तिच्या घशात जीव तोडून धडपडत होतो. ती नुसती त्या कानाकडे बघत राहिली.

आता ती घरीच असते. कॉलेज सुटलं, आता पुढची परीक्षा नाही, हे आईला, धुरपताला, सांगायची तिची हिंमत होत नाही. आज संध्याकाळी धुरपता आपणहून ओसरीवर येऊन बसली, बापाच्याच जागी.

"माह्या मानेवर शिक," ती म्हणाली.

रक्षानं आईच्या छातीवर बोट ठेवलं, मग आडव्या हाडावर. पुढं ते सरकलंच नाही. तुम्ही कधी माझं नाव घेतलंत, तर एवढं करा, ते पुरं घ्या. या घरात मी अर्धाच उरलोय, आणि धुरपता मान वळवून, भिंतीकडे तोंड करून, अजून थांबली आहे.