माझ्या पोटातली वाट

मित्रांनो, मी ग्लोगिना गावच्या चौकातला एक जुना नकाशाफलक आहे. ओकच्या लाकडाचे दोन खांब, मध्ये रुंद फळी आणि पाऊस अडवायला डोक्यावर लहानसे छप्पर, एवढाच माझा संसार. शहरातून आलेले पाहुणे मला नकाशा म्हणतात. गावातले लोक मात्र मला मयतांची पाटी म्हणतात आणि खरे सांगायचे तर त्यांचेही काही चुकत नाही.

माझा जन्म जिल्ह्याच्या गावी एका सुताराकडे झाला. आमच्या डोंगराळ मुलखातल्या सगळ्या पायवाटा आणि सायकलीचे रस्ते एका नकाशावर आणायचे असे वरती ठरले होते. नकाशा व्हायच्या आधीच फलक तयार झाले, कारण फलकांची मंजुरी आधी आली. सरकारी कामात असे व्हायचेच. मला किराणा दुकानासमोर रोवले आणि पुढे वर्षभर मी कोऱ्या तोंडाने उभा राहिलो.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो असलेला कागद दारावर, झाडावर, विजेच्या खांबावर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लावतात, वर्षश्राद्धाला पुन्हा. दुकानाची मालकीण डोन्का काकू. तिने मला काही दिवस न्याहाळले आणि मग मोठ्याने म्हणाली, "चला, मेलेल्यांना शेवटी छप्पर मिळालं! इतके दिवस बिचारे खांबावर भिजत होते." झाले, त्या दिवसापासून माझ्या अंगावर टाचण्या टोचू लागल्या. तरुण पोरे केव्हाच शहरात नाहीतर परदेशात गेली होती, मागे उरली होती ती म्हातारी माणसे. त्यामुळे मला कागदांची कधी वाण पडली नाही.

मग एके दिवशी इस्क्रा आली. ही नकाशाच्या कचेरीत काम करणारी मुलगी. सायकलवरून आली होती आणि तिच्या हातात एक पिवळे यंत्र होते. ते यंत्र घेऊन चालले की आकाशातले उपग्रह त्याला जागा सांगतात आणि चाललेल्या वाटेची रेघ आपोआप उमटते. मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"काकू, हा नकाशाचा फलक आहे!"

"मग नकाशा कुठाय?"

"तोच करायला आलेय मी."

"कर की बाई. तोवर यांना राहू दे. ही माणसं काही पळून जात नाहीत."

इस्क्रा हसली आणि दुकानाबाहेरच्या टेबलावर तिने आपला संगणक उघडला. नद्यांचा एक थर, रस्त्यांचा एक, पायवाटांचा एक, असा काचेवर काच ठेवावी तसा नकाशा बनतो, हे तिने डोन्का काकूला समजावून सांगितले. "वरच्या थरानं खालचं झाकलं तरी ते जात नाही, काकू. तिथंच असतं." काकूने डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिले आणि कॉफी हवी का, असे विचारले.

शेजारच्या टेबलावर व्हितान आजोबा बसले होते. जन्मभर जंगलात लाकूड तोडलेला माणूस. ते टोपी मागे सारून म्हणाले, "पोरी, क्लेनोवाची वाट घे."

क्लेनोवा म्हणजे डोंगरापलीकडची वस्ती. तिथे आता कोणी राहत नाही, घरांची छपरे बसली आहेत. आजोबांची बायको याना तिथली. ती गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिला तिच्या आईवडिलांशेजारी, क्लेनोवालाच पुरले होते. आजोबा दर शनिवारी कोयता घेऊन वाटेवरचे काटे तोडत तिच्याकडे जात.

"ती होती तेव्हा इतक्या वेळेवर घरी गेला असतास तर!" डोन्का काकू म्हणाली.

"तू कॉफी ओत," आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, तिथं बघायला काय आहे?" इस्क्राने विचारले.

"एक झरा आहे. अक्रोडाचं झाड आहे. माझी याना आहे." आजोबांनी डोंगराकडे हात केला. "मी आहे तोवर काटे तोडीन. माझ्यामागं कोण जाणार तिकडं? नकाशावर असली तर चुकून का होईना, कुणीतरी जाईल. पाय पडले तर वाट राहते, पोरी. आणि वाट राहिली तर मलाही तिकडंच नेऊन ठेवतील."

इस्क्राने यंत्र गळ्यात अडकवले आणि दोघे निघाले.

संध्याकाळी परत आल्यावर पाहतात तर वाटेतल्या घळीतली रेघ वेडीवाकडी! बीच वृक्षांच्या दाट पानांखाली यंत्राला आकाशच दिसले नव्हते. रेघ ओढ्यावरून उडी मारून थेट कड्यावर चढली होती. "व्हितान, या वयात कड्यावर चढलास होय?" असे म्हणत डोन्का काकू हसत सुटली. कचेरीतल्या साहेबांनी फोनवर सांगितले, ती वाट सोडून द्या. पण इस्क्रा म्हणाली, "आजोबा, पानं गळाली की मी परत येते. उघड्या झाडांखाली यंत्र चुकत नाही."

ती खरेच आली. आजोबांचा गुडघा सुजला होता. त्यांनी त्यावर लोकरीची पट्टी गुंडाळली आणि तिच्याबरोबर गेले. या वेळी रेघ चांगली आली. ती पडद्यावर पाहताना आजोबांनी चर्चमध्ये काढावी तशी टोपी काढली.

वसंतात माझ्यावर नकाशा चढला. पत्र्यावर छापलेला, हिरवागार. नदीकाठचा सायकलीचा रस्ता निळा आणि क्लेनोवाची वाट लाल, तुटक. मयतांचे कागद कडेच्या लाकडावर सरकले. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. दूरदूरचे लोक माझ्यापुढे थांबत, फोटो काढत, मला शाबासकी देत. त्यातले काही क्लेनोवालाही जाऊन आले आणि झऱ्याचे पाणी गोड आहे म्हणाले. आजोबा ते ऐकून दिवसभर खुशीत असत.

पण गुडघा पुन्हा धड झाला नाही. आजोबांचे शनिवार बंद पडले. मग ते रोज सकाळी माझ्यापुढे येऊन ग्लोगिनावर बोट टेकवत. लाल रेघेवरून ते हळूहळू वर नेत, घळीत जरा थांबत आणि क्लेनोवाला पोचले की बोट तिथेच ठेवून उभे राहत. मला ते फार आवडायचे. इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता.

छापील रंग तो, उन्हाने आधीच फिका पडलेला. रोजच्या बोटाने क्लेनोवाचे नाव गेले, मग रेघही जाऊ लागली आणि तिथे पांढरा डाग पडला. तिकडे डोंगरात कोयता फिरत नव्हता, त्यामुळे काटे वाढत होते. एका उन्हाळ्यात पाठीवर पिशव्या घेतलेले एक परदेशी जोडपे माझ्यापुढे उभे राहिले. पांढऱ्या डागाकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि नदीचा रस्ता धरला.

"अहो, वर वाट आहे! आहे की वाट!" आजोबा टेबलावरून ओरडले. त्या जोडप्याला भाषा कळली नाही. त्यांनी हसून हात हलवला आणि निघून गेले. मला तोंड असते तर मीही ओरडलो असतो.

आजोबा काठी टेकत माझ्याजवळ आले. डागाकडे त्यांनी पाहिले, मग आपल्या बोटाकडे पाहिले. "डोन्का, मीच पुसली गं," ते म्हणाले. त्या दिवशी काकूने त्यांना टोमणा मारला नाही. तिने इस्क्राला फोन लावला. सगळ्या वाटा पुन्हा चालून झाल्या की मगच नवे पत्रे छापतात, असे इस्क्राने सांगितले. तिचाही आवाज पडला होता म्हणे.

त्याच हिवाळ्यात व्हितान आजोबा गेले. त्यांना यानाशेजारी नेता आले नाही. शवपेटी घेऊन चार माणसे चालतील अशी वाट उरली नव्हती आणि खांदा देणारी चार तरणी माणसेही गावात नव्हती. त्यांना ग्लोगिनातच पुरले. डोन्का काकूने त्यांचा कागद आणला आणि कडेला न लावता बरोबर त्या पांढऱ्या डागावर चिकटवला. "इथं तसंही काही दिसत नाही," ती म्हणाली. "आणि याला इथंच जायचं होतं." मग ती माझ्या खांबाला टेकून रडली.

बर्फ वितळल्यावर इस्क्रा पुन्हा मोजणीला आली. तिने डागावरचा आजोबांचा कागद वाचला. मग यंत्र घेऊन एकटीच वर गेली. परतली तेव्हा दोन्ही हातांवर ओरखडे होते.

"घळीत झाड आडवं पडलंय, काकू. पुढं सगळे काटे. मला नाही जाता आलं."

"मग?"

"जिथं मी पोचले नाही, ते नकाशावर घेता येत नाही."

"एका माणसासाठी मारलीस एक रेघ, तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तिच्यावर भरवसा ठेवून कुणी गेलं आणि घळीत अडकलं तर?"

काकू आत गेली आणि वाटीत उकडलेले गोड गहू घेऊन आली. "खा," ती म्हणाली. "व्हितानच्या नावाचे आहेत." इस्क्राने रडत रडत ते खाल्ले.

नवा पत्रा आला. त्यात डोंगर नुसताच हिरवा होता. इस्क्रा जुन्या पत्र्याचे स्क्रू काढू लागली, तशी डोन्का काकूने तिचा हात धरला. "काढू नकोस. खालचं झाकलं तरी जात नाही, असं तूच म्हणालीस ना?"

इस्क्राने लांब स्क्रू शोधून आणले आणि आजोबांच्या कागदासकट जुना पत्रा तसाच ठेवून त्याच्यावर नवा बसवला.

आता माझा नवा चेहराही उन्हाने विटू लागला आहे. सायकलवाले येतात, निळा रस्ता पाहतात आणि जातात. मित्रांनो, तुमच्या गावाजवळ अशी एखादी वाट असेल तर नकाशावर ती आहे ना, एवढे पाहून थांबू नका. एकदा तरी तिच्यावरून चालून या, चार काटे बाजूला करा. मी नुसता फलक आहे, मला वाट राखता येत नाही. याना डोंगराच्या पलीकडे आहे, व्हितान आजोबा अलीकडे आहेत आणि त्यांच्यामधली वाट माझ्या पोटात आहे.