दाराला टेकवलेली वाळूची पिशवी

मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. अंजनगाव सुर्जीकडच्या एका लहानशा दवाखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या नर्स पार्वताबाईंनी जुन्या हिरव्या चादरीतून मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला शिवलं. पूर्णा नदीची चाळलेली वाळू आमच्या पोटात भरली.

डोक्याला मार लागलेला माणूस आला, की आम्ही दोघी त्याच्या दोन कानांशी बसायचो. त्याची मान हलू द्यायची नाही, एवढंच आमचं काम. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यापर्यंतचा एकेक खड्डा आम्ही ओळखत होतो. तिथल्या डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, या कोणी शिवल्या? मित्रांनो, ते आठवलं की अजून ऊर भरून येतो.

मग आमच्या जागी फोमचे केशरी ठोकळे आले. बहीण उसवली, तिची वाळू कुंडीत गेली. मला दाराला टेकवलं.

एका दुपारी शेजाऱ्याच्या जीपमधून माया आपल्या सात वर्षांच्या दीक्षाला घेऊन आली. पोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडली होती. उलटी झालेली, डोळे मिटत होते. ठोकळे सकाळच्या रुग्णाबरोबर अमरावतीला गेलेले, ते तिकडेच राहिले. माया लेकीचं डोकं मांडीवर घ्यायला गेली. कोणती आई घेणार नाही?

“मांडी नको देऊ, माय. मान हालते,” पार्वताबाई म्हणाल्या.

“मंग मी काय करू? नुसती पाहत राहू?”

पार्वताबाईंनी मला दारातून उचललं, झटकलं आणि दीक्षाच्या एका कानाशी ठेवलं. दुसरीकडे मायाची ओढणी घट्ट गुंडाळून लावली.

“दोन्हीकून धरून ठेव. हेच तुह्यं काम.”

मग बॅटरीने दीक्षाच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. एक मोठी झाली होती, म्हणजे डोक्यात आत रक्त साचत असावं. १०८ची गाडी निघाली होतीच. त्यांनी अमरावतीला फोन करून वय, उलटी, बाहुली सगळं सांगितलं आणि सीटी स्कॅन मोकळा ठेवायला लावला.

गाडीत दीड तास माया आम्हाला धरून जागची हलली नाही. प्रत्येक जुना खड्डा मला कळत होता. त्याचा धक्का मी दीक्षाच्या मानेपर्यंत जाऊ दिला नाही. अमरावतीला दारातच स्ट्रेचर उभं होतं.

दोन महिन्यांनी माया मला परत घेऊन आली, नवे टाके घालून. सोबत डोक्याच्या ऑपरेशननंतर आलेल्या बारीक केसांची दीक्षा. तिच्या हातात त्याच ओढणीची, वाळू भरलेली पिशवी.

“बाई, जोडी पुरी केली,” माया म्हणाली.

पार्वताबाई बराच वेळ आम्हा दोघींवरून हात फिरवत राहिल्या. “आता दाराले काय लावू?”

दीक्षा अंगणात पळाली. “धावू नको,” म्हणत माया मागे गेली आणि येताना दाराला लावायला एक वीट उचलून आणली.

मित्रांनो, गरज पडायच्या आधी आमचे टाके पाहत जा. दाराला वीट पुरते.