जयवंतीची दाढ

हेमालीला पाचवा महिना लागला आणि त्याच सुमारास तिची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. आधी गरम चहा लागला की कळ यायची, मग काही न लागताही यायला लागली. कानापर्यंत जायची, डोळ्यामागे जाऊन बसायची. हेमाली माहेरची नायगावची, खाडीकडच्या टॉवरमध्ये वाढलेली. लग्न होऊन ती वटारला मितेशच्या घरी आली, त्याला दीडेक वर्ष झालं होतं. घरात सासरे दयाराम आणि सासूबाई चंद्रकांता. मागे केळीची वाडी, आणि वाडीच्या टोकाला बावखल, म्हणजे शिंपणासाठी पूर्वी कधीतरी खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं.

सासूबाई तशा बोलक्या. पण हेमाली पहिल्यांदा जेवताना गाल धरून बसली तेव्हा त्यांचा वाढता हात थांबला. "गालावरचा हात काढ," त्या म्हणाल्या. हेमालीला वाटलं, असेल काहीतरी शकुन-अपशकुन. तिने हसून हात काढला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या तिच्या तोंडाकडेच बघत राहायच्या. सकाळी उठल्या उठल्या तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायच्या, जबड्याखाली बोटांनी चाचपायच्या. काय शोधताय विचारलं तर सांगायच्या नाहीत.

मितेश तिला नायगावला एका दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दाढ बघितली आणि सांगितलं की कीड दाढेच्या आतल्या नसेला लागलीय, रूट कॅनल करावं लागेल, पण आत्ता नको. पोटुशी बाईला इंजेक्शन द्यायचं नाही, एक्स-रे काढायचा नाही असाच त्यांचा शिरस्ता होता. बाळंतपण होऊ दे, तोवर दुखलं तर पॅरासिटामॉल. हेमालीला हायसं वाटलं. तिला दुखण्यापेक्षा सुईची जास्त भीती होती, आणि सुईपेक्षा जास्त बाळाची काळजी.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा चंद्रकांता भाजी निवडत होत्या. "बाळंतपणानंतर या, म्हणाला?" त्यांनी विचारलं. हेमाली हो म्हणाली. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं. नंदाखालला फेलिशिया म्हणून एक बाई आहेत, चांगल्या आहेत म्हणतात, उद्याच जा. मितेश म्हणाला, एका डॉक्टरने नको सांगितल्यावर उगाच कशाला धोका घ्यायचा. त्याने मोबाइलवर वाचलं होतं, निम्मे हो म्हणत होते, निम्मे नको. दयाराम पडवीत बसले होते. चंद्रकांतांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठून वाडीत गेले.

पुढच्या दिवसांत ठणका वाढला. हेमालीला एका बाजूने चावता येईना, झोपही तुटक झाली. एका दुपारी सगळे आडवे झाले होते तेव्हा ती तोंडात गार पाणी धरून मागच्या दारात उभी राहिली. गार पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. केळींच्या मधून बावखल दिसत होतं. काठाच्या दगडावर एक बाई पाण्याकडे तोंड करून बसली होती. हनुवटीखालून पांढरं फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारलेली. ती हलत नव्हती, फक्त पुढे-मागे, अगदी थोडी, झुलत होती. ठणका लागला की माणूस झुलतं तशी. बाई थोडी वळली तेव्हा तिचं पोट दिसलं. दिवस भरत आले असावेत असं पोट.

हेमाली तोंडातलं पाणी थुंकायला खाली वाकली. वर बघते तर दगड रिकामा. तिला भीती वाटली नाही. कुणी शेजारची असेल, तिला पण दाढ आहे वाटतं, एवढंच मनात आलं. भीती नंतर वाटली, जेव्हा तिने चहाच्या वेळी सहज विचारलं की दुपारी वाडीत कोण आलं होतं, गाल बांधलेली.

चंद्रकांतांनी पातेलं खाली ठेवलं. "कुठला गाल?"

"डावा सुजलेला वाटला."

सासूबाई जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्या घरच्या बोलीत गेल्या, हेमालीला काही शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं. जयवंती दयारामांची धाकटी बहीण. मितेश पाळण्यात होता तेव्हा ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डावी दाढ दुखत होती. दयारामांनी तिला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी हात लावला नाही. बाळंत झाली की आणा, म्हणाले. दयारामांना ते पटलं, कुणालाही पटलं असतं. चंद्रकांता तिच्या दाढेत लवंगेचं तेल भरायच्या, फडकं गरम करून गाल बांधायच्या. मग सूज हनुवटीखाली उतरली, गळ्यात गेली. जयवंतीला गिळता येईना, मग बोलता येईना. जीप मिळवून इस्पितळाकडे निघाले, तर वाटेतच श्वास कोंडला. पोटातलं मूलही गेलं. त्यानंतर दयारामांनी घरात तिचं नाव काढू दिलं नाही. फोटोसुद्धा लावला नाही.

"मी रोज बघते तिला," चंद्रकांता म्हणाल्या. "मला वाटायचं, मलाच दिसते."

दयाराम दारात येऊन उभे होते. कधीपासून, ते दोघींनाही कळलं नव्हतं. हेमालीला वाटलं आता रागावतील. ते खुंटीवरचा शर्ट अंगात घालत म्हणाले, "मितेशला उठव. आत्ताच निघायचं."

डॉ. फेलिशियांनी घाई केली नाही. त्यांनी आधी हेमालीच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन लावला, मग सगळं समजावून सांगितलं. पाचवा महिना त्यातल्या त्यात चांगला. दाढेपुरतं बधिर करायचं औषध चालतं. अंगावर जड शिशाचा एप्रन घालून एकच छोटा एक्स-रे काढू. बाळाला खरा धोका आहे तो आत साठलेल्या पुवाचा, तो थांबून राहत नाही. नायगावच्या डॉक्टरांना त्या चूक म्हणाल्या नाहीत. बरेच जण अजून घाबरतात, एवढंच म्हणाल्या.

हेमालीला खुर्चीत किंचित डाव्या कुशीवर झोपवलं, उजव्या कमरेखाली उशी दिली. सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटून पोटावर हात ठेवला. बाळ हललं. थोड्या वेळात अर्धा जबडा जणू दुसऱ्याच कुणाचा झाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात शांतता झाली. तिला रडू आलं. दुखतंय का म्हणून डॉक्टर थांबल्या. तिने मानेने नाही म्हटलं.

काम झाल्यावर चंद्रकांता आत आल्या. त्यांनी डॉक्टरांना जयवंतीची हकीकत थोडक्यात सांगितली आणि विचारलं, "तेव्हा हे केलं असतं तर ती वाचली असती?"

डॉक्टर हातमोजे काढत होत्या. ते टाकून त्या चंद्रकांतांकडे वळल्या. "न बघता मी खात्रीने नाही सांगू शकत. पण बहुतेक, हो."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या दयारामांना ते ऐकू गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसेच बसून राहिले. मितेशने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना मितेश गाडी चालवत होता, दयाराम त्याच्या शेजारी. ते जयवंतीबद्दल बोलायला लागले आणि थांबेनात. ती बावखलात पोहायची, आईचा मार खायची, कुणाचीही नक्कल करायची. मागच्या सीटवर चंद्रकांता दाराला अगदी चिकटून बसल्या होत्या. हेमालीने त्यांना खुणेने इकडे सरकायला सांगितलं, मध्ये भरपूर जागा होती. त्या सरकल्या नाहीत. वटारपर्यंत त्यांनी ती जागा तशीच सोडली, आणि दयाराम काही गमतीचं बोलले की त्या रिकाम्या जागेकडे बघून हसायच्या.

आणखी एकदा गेल्यावर हेमालीच्या दाढेचं काम पूर्ण झालं. ठणका परत आला नाही. चैत्रात तिला मुलगी झाली, वजनाने चांगली, आवाजाने त्याहून. बारशाच्या आदल्या दिवशी दयारामांनी हळूच सुचवलं की जयवंती नाव ठेवू या. मितेशला आवडलं, हेमालीही तयार होती.

चंद्रकांता बाळाला तेल लावत होत्या. त्यांनी मान हलवली.

"नको," त्या म्हणाल्या. "हाक मारली की दोघी वळून बघतील."